ओल्या डोंगरावर वजन

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा इथूनच, जमेल तेवढा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो, पण माझ्या खोलीत खाट आणि भिंत यांच्यामध्ये एका वेळी अर्धाच माणूस वाकू शकतो.) मामींनाही तेवढाच वाकून. मांजराला काही नाही, ते माझ्या स्टुलावर बसत असणार हे मला ठाऊक आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? अजून चढताना दुखतो की आता उतरतानाही? मामींचा खोकला? वह्या दाबायच्या शिकंज्याच्या चाकाला कुणी तेल घालतं का? ते चाक उलटं फिरवताना जसं किंचाळायचं, अगदी तसाच इथल्या मोठ्या दरवाजाचा आवाज आहे. रोज सकाळी पहारेकरी तो उघडतो आणि मी दचकून हातातला चहाचा पेला पाठीमागे लपवतो, की आता तुम्ही येऊन म्हणणार, कागदाजवळ चहा कुणी आणला? चार वर्षं झाली, पण सवय जात नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे. वजन वाढलं आहे, पण त्याबद्दल पुढे लिहितोच, कारण या पत्रात वजनाचाच सगळा घोटाळा आहे.

आधी हे पत्र असं का दिसतंय ते सांगतो. हा एकच लांब कागद आहे, भात्यासारखी घडी घातलेला. कामावरून उरलेली पट्टी आहे, मागून घेतलेली, उचललेली नाही. एकेक घडी उलगडत वाचायचं. मामी, एकदम सोडू नका, नाहीतर पत्राचं टोक टेबलाखाली जाईल आणि मांजर त्यावर बसेल. (मामा, मी मामींशी बोलतोय याचा राग मानू नका. पत्र तुमच्या नावाचं असलं तरी तुम्ही डोळे मिटून खुर्चीत बसणार आणि वाचणार मामीच, हे आपल्या घरातलं जुनं आहे. तुम्हाला छापलेलं दिसतं, हाताने लिहिलेलं दिसत नाही. त्यातून माझं अक्षर. सातवीच्या मास्तरांनी माझा पेपर हातात घेऊन विचारलं होतं की हे लिहिलंय की सांडलंय.)

आता जरा खरं बोलतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला चित्रांच्या मोठ्या दालनात जबाबदारीची जागा मिळाली आहे. ते खोटं नव्हतं. दालन मोठं आहे, चित्रं आहेत आणि माझ्यावर खुर्च्यांची जबाबदारी आहे. एकशेवीस खुर्च्या. कार्यक्रम असला की मांडायच्या, संपला की मिटून भिंतीशी लावायच्या. सगळ्या घडीच्या खुर्च्या आहेत, मामा. मी तुमच्याकडून निघालो तेव्हा स्वतःशी म्हणालो होतो की आता आयुष्यात परत कशाची घडी घालणार नाही. नशिबाला हसायला कारण लागत नाही.

मधल्या चार वर्षांत मी काय काय केलं ते विचारू नका. रंगाऱ्याच्या हाताखाली होतो, तिथे शिडीवर स्थिर उभं राहावं लागतं म्हणून सोडलं. बेकरीत होतो, तिथे एका जागी बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या म्हणून सोडलं. एका माणसाचा कुत्रा फिरवायचो, तो कुत्राच कंटाळला. माझ्या पायाला भिंगरी आहे असं मामी म्हणायच्या, ते कौतुकाने म्हणायच्या असं मला बरेच दिवस वाटत होतं. या दालनात मात्र अकरा महिने टिकलो. कारण एक चित्र.

ते चित्र दूरवरून इथे आणून लावलं आहे, थोड्या महिन्यांसाठी. फार प्रसिद्ध आहे म्हणे. पेटीतून आलं तेव्हा सहा जण पेटी धरायला आणि दोघे नुसते श्वास रोखायला होते. चित्र म्हणजे एक नदी, नदीपलीकडे डोंगर, त्यामागे आणखी डोंगर, आणि सगळ्यांत मागे धुकं. लांबी इतकी की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जावं लागतं. एवढंच. त्यात काही घडत नाही. लोक अर्धा अर्धा तास त्याच्यासमोर उभे राहतात आणि मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारतात, संडास कुठे आहे? पहिल्या आठवड्यात मला वाटलं की या लोकांना बाहेर डोंगर दिसत नाहीत का. दुसऱ्या आठवड्यात सगळे गेल्यावर मी खुर्च्या मिटता मिटता थांबलो. तिसऱ्या आठवड्यात मी आधी सगळ्या खुर्च्या मिटायला लागलो, म्हणजे नंतर निवांत थांबता येईल. मला, मामा! ज्याला तुम्ही खळ वाळेपर्यंत बस म्हणालात तर जो तीनदा पाणी प्यायला जायचा.

तर इथे मुलांसाठी वर्ग घेणाऱ्या एक चित्रकार बाई आहेत. केस पांढरे, बोटं निळी. त्यांनी ठरवलं की मुलांना ते चित्र दाखवायचं आणि मग प्रत्येकाकडून घडीचं रंगवलेलं पुस्तक करून घ्यायचं. लांब कागदाला आठ घड्या, दोन्ही टोकांना पुठ्ठा, उलगडलं की आख्खा डोंगर, मिटलं की खिशात. कल्पना झकास होती. अडचण एवढीच की बाईंना घडी घालता येत नव्हती. त्यांची पहिली घडी सरळ, दुसरी जराशी कलती, आणि आठवीपर्यंत पुस्तक शेजारच्या घरी निघालेलं. मी खुर्च्या मांडत होतो. बघवेना. म्हटलं, द्या इकडे. मधून सुरुवात करायची, टोकाला टोक, आधी नजर मग नख, आणि शेवटी गुळगुळीत काहीतरी घेऊन वरून एकच हात. घडी दाबायचं तुमचं ते हाड नव्हतं म्हणून चमच्याची पाठ घेतली. आठ घड्या, चारही कोपरे एकावर एक. बाई बघतच राहिल्या.

"कुठे शिकलात हो?" त्यांनी विचारलं.

"मामांकडे."

"मामांची संस्था आहे का?"

आता आपली वह्या-पुस्तकं बांधायची एक खोली, दोन स्टुलं, शिकंजा, पुठ्ठ्यांची रास आणि मांजर, याला संस्था म्हणायचं की नाही हे ठरवायला मला एक क्षण लागला. तेवढ्यात माझं तोंड "हो" म्हणून मोकळं झालं होतं. (याबद्दल खाली ताजा कलम आहे.)

त्या दिवसापासून मी खुर्च्यांवरून बढती मिळून घड्यांवर आलो. म्हणजे खुर्च्याही होत्याच. चार शनिवार वर्ग चालला. तेवीस मुलं, सहा ते दहा वर्षांची, आणि त्यांतलं एकही बसून राहणारं नाही. मला पहिल्यांदाच कळलं की माझ्याबरोबर काम करताना तुम्हाला काय वाटत असेल. मी त्यांना शिकवलं, वर आली ती घडी डोंगर, आत गेली ती दरी. मग तेवीस जण एका सुरात डोंगर, दरी, डोंगर, दरी असं ओरडत घड्या घालायला लागले आणि पलीकडच्या खोलीत ज्यांचं भाषण चालू होतं ते गृहस्थ विषय विसरले. एकाने सगळं हिरवं केलं, नदीसुद्धा, कारण इतर रंग शेजारच्याने बळकावले होते. एकीने एका घडीवर डोंगर सुलटा आणि पुढच्या घडीवर उलटा काढला, आणि हटकलं तर म्हणाली की मी दोन्ही बाजूंनी बसणाऱ्यांचा विचार केलाय. एका मुलाने डोंगर काढलाच नाही, चित्रासमोर खुर्चीत झोपलेला पहारेकरी काढला. खरं सांगतो, त्या सगळ्यांत पहारेकऱ्याच्या पोटाचा डोंगर सगळ्यांत हुबेहूब होता. पहारेकरी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही पोट मी काढलं.

आणि एक होती शंकासूर. मी ठेवलेलं नाव आहे, तिला कळलं तेव्हा तिने त्याचा अर्थ विचारला, म्हणजे नाव बरोबर होतं. आठ वर्षांची, चष्मा नाकाच्या टोकाला, तुमच्यासारखाच. प्रसिद्ध चित्रासमोर तिला उभं केलं तर बाईंना म्हणाली, "एवढ्या मोठ्या जागेत कुणीच कसं नाही?" बाईंनी धुकं, एकांत, निसर्ग वगैरे सांगितलं. पोरीने ऐकून घेतलं आणि आपल्या पुस्तकात पहिल्या घडीवर एक माणूस काढला. छत्री घेतलेला, नखाएवढा. दुसऱ्या घडीवर तो नदीशी आला, तिसऱ्यावर पलीकडे. असा घडी-घडीने तो डोंगरातून चालला होता. मी दर शनिवारी विचारायचो, आज कुठपर्यंत गेला? आठवी घडी मात्र तिने भिंतीकडे तोंड करून, कोपराचा आडोसा धरून रंगवली. कुणाला दाखवली नाही. शेवटी तो कुठे पोचतो ते बाईंनाही सांगितलं नाही. म्हणाली, रविवारी आईबाबा आले की उघडेन, तेव्हा कळेल.

कारण रविवारी सकाळी सगळ्यांच्या आईवडलांना बोलावलं होतं.

शनिवारी संध्याकाळी पुस्तकं पूर्ण झाली. शेवटचे रंग ओले, पुठ्ठे नुकतेच चिकटवलेले. बाई जाताना म्हणाल्या, "नुसती उलगडून वाळत ठेवा हां, सकाळी भेटू." मान डोलावली. त्या गेल्या. मग मी आणि तेवीस पुस्तकं, खोलीभर जमिनीवर पसरलेली. मामा, तुम्ही असतात तर तुमच्याही जिवाची तगमग झाली असती. सगळी फुगून, कोपरे वर करून बसलेली. काम झालंय आणि वजनाखाली नाही! तुम्ही हजार वेळा सांगितलंत, दाबलं नाही ते काम पुरं झालं नाही. तेव्हा ऐकलं नाही म्हणून काय झालं ते आपण तिघं जाणतो. (हजेरीच्या वह्या. तो विषय मी काढत नाही. खळ पातळ होती म्हणून त्या वाकल्या, हे तेव्हाच ठरलं आहे.) मी स्वतःशी म्हटलं, या वेळी वजनात कसूर होऊ द्यायची नाही. उद्या आईबाप येतील तेव्हा पुस्तकं अशी सपाट हवीत की टेबलावर ठेवली तर टेबल लाजेल.

शिकंजा नव्हता. दोन मोठ्या फळ्या होत्या. पुस्तकं नीट मिटली, कोपऱ्याला कोपरा लावून रास केली, खाली फळी, वर फळी, आणि वर घडीच्या खुर्च्या. आधी दहा ठेवल्या. मग तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि आणखी तीस ठेवल्या. चाळीस खुर्च्या, मामा. ओल्या डोंगरांवर. मध्ये रद्दीचा कागद घालायलाही विसरलो. आणि मग, ही सगळ्यांत वाईट गोष्ट आहे, मी दिवा मालवताना मागे वळून त्या राशीकडे बघितलं आणि मला अभिमान वाटला. चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं की तुमच्याकडून काहीतरी घेऊन निघालो होतो.

सकाळी खुर्च्या उतरवल्या. फळी उचलली. पुस्तकं नव्हती. तेवीस विटा होत्या. पहारेकरी आला, एक वीट हातात घेऊन त्याने वजन जोखलं आणि पोटाचा सगळा सूड एका वाक्यात घेतला. "बांधकाम कधी सुरू?" बाई आल्या तेव्हा मी एक पुस्तक नखाने सोडवत होतो. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्स खाली ठेवली, एक वीट उचलली, परत ठेवली आणि म्हणाल्या, "मी वाळत ठेवा म्हटलं होतं ना?" बस, एवढंच. मी तीन कामं सोडली त्या प्रत्येक ठिकाणी शिव्या खाऊन निघालो आणि जेवणावर परिणाम झाला नाही. या एका वाक्यानंतर मला दुपारी घास उतरला नाही.

पळून जावं असं पहिलं मनात आलं, खोटं कशाला बोलू. दरवाजा उघडाच होता. पण वाटेत तेवीस पोरं आत येत होती, आणि गर्दीच्या उलट्या दिशेने पळायचं तर आधी त्यांना सांगावं लागलं असतं की बाजूला व्हा.

मग मी आणि बाई बसलो आणि एकेक पुस्तक सोडवलं, ज्याचं त्याच्यासमोर. बहुतेक सुटली. पण समोरासमोरच्या घड्यांचे रंग एकमेकांवर उमटले होते. कुणाचे दोन सूर्य झाले, कुणाची नदी आभाळात गेली. दोन्ही बाजूंनी बसणाऱ्यांचा विचार करणारीचे डोंगर आता चारही बाजूंनी होते. सगळं हिरवं केलेला मुलगा तेवढा बिनधास्त होता, हिरव्यावर हिरवं उमटून काय बिघडणार? एकाचे वडील लांबून बघून म्हणाले की ही नवीन पद्धत छान आहे, कुणाची कल्पना? मला त्या वेळी हो म्हणता आलं असतं. माझं तोंड तयारही होतं. पण ज्या पोरांचे चेहरे उतरले होते ती समोर होती. एक तर नुसता उभा होता, डोळ्यांत पाणी, आणि रडत नाहीये असं दाखवायला पुस्तक तोंडासमोर धरलेलं. मी म्हटलं, कल्पना नाही, चूक आहे, माझी आहे. आणि मग प्रत्येकासमोर जाऊन बसलो आणि माफी मागितली. नाव घेऊन, पुस्तक हातात देऊन. तेवीस वेळा.

शंकासूरचं पुस्तक शेवटी घेतलं, हिंमत होत नव्हती. सहा घड्या सुटल्या. तिचा छत्रीवाला माणूस शाबूत होता, फक्त समोरच्या घडीवर त्याचा फिका ठसा उमटलेला, उलट्या दिशेने चालणारा. पोरीने चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "हा दुसरा कोण?" मी म्हटलं, तोच असेल, काहीतरी विसरला म्हणून परत चाललाय. तिला ते पटल्यासारखं वाटलं. पण सातवी आणि आठवी घडी काही केल्या सुटेना. पुठ्ठ्याखालचा गोंद दाबून बाहेर आला होता आणि दोन्ही पानं त्याने गिळली होती. तो डब्यातला तयार गोंद. खळ असती तर ओलं फडकं ठेवून, वाट बघून, पानं हाताशी आली असती. हा गोंद वाळला की दगड. मी जोर लावायला गेलो तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. "फाटेल ना?" म्हणाली. बाईंनी समजूत घातली, आपण नवीन पान लावू, तू परत रंगव. नाही म्हणाली. मी म्हटलं, नुसतं सांग तरी, शेवटी तो कुठे गेला? तर म्हणाली, "सांगितलं तर मग उघडून काय उपयोग?"

मग तिने मला सरळ विचारलं की हे उघडता येणारं कुणीतरी असेल ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझे मामा आहेत. मी तिला त्या वकिलांच्या भिजलेल्या वहीची गोष्ट सांगितली, सगळी पानं एक झालेली, आणि तुम्ही नऊ दिवस एकेक पान कसं सोडवलंत, बोलत नव्हतात, जेवताना पण पातळ सुरी शेजारी. ती चष्म्यातून ऐकत होती. "त्यांनी घाई नाही केली?" "नाही." "मग तुम्ही का केलीत?" म्हटलं, एका महिन्यात उघडून आणून देतो. तिने पेन काढून माझ्या तळहातावर तारीख लिहिली. तुमच्याच सवयीची आहे.

निघता निघता आणखी एक झालं. दाराशी जाऊन ती परत आली. "तुम्ही चोवीस वेळा सॉरी म्हणालात," म्हणाली. "मी मोजलं. आम्ही तेवीसच आहोत. चोविसावं कुणाला?" मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल. "माझी चूक नाही होत," म्हणाली आणि गेली.

तर मामा, पत्र लिहिण्याचं काम एवढंच. ते पुस्तक तुम्ही उघडून द्यावं. जमेल तसं, जमेल तेव्हा, पण महिन्याच्या आत. बाईंनी मला कामावरून काढलेलं नाही. परत खुर्च्यांवर घातलं आहे. चित्र अजून आहे. रोज बघतो, आणि आता त्या डोंगरात मला सारखा छत्रीवाला दिसतो. पट्टी संपत आली, पुढचं मागच्या बाजूला लिहितो. पाय जपून राहा, म्हणजे गुडघा. मामींनी खोकल्यात गार पाणी पिऊ नये.

तुमचा, तुमच्याकडे शिकलेला आणि न शिकलेला,
भाचा

ता. क. कुणा चित्रकार बाईंचं "संचालक, मामांची संस्था" असं पाकीट आलं तर परत पाठवू नका, ते तुमचंच आहे. संस्थेत माणसं किती असं विचारलं असेल तर मांजर धरून सांगा.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय की पुस्तक उघडून द्यावं, पण ते टपालाने पाठवत नाही. टपालात काय काय त्याच्यावर पडेल कोण जाणे, त्याने एकदा चाळीस खुर्च्या सोसल्या आहेत. मी स्वतः घेऊन येतो. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळच्या गाडीने. दोन दिवसांची रजा मिळाली आहे. जास्त लागली तर काढेन. मला माहीत आहे की चार वर्षांपूर्वी कुणाला न सांगता गेलेल्या माणसाने असं तारीख सांगून येणं जरा जास्तच आहे.

ता. क. तिसरा. मामी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. मामांना सांगा की अक्षर लागत नाही. ते लगेच विश्वास ठेवतील.

खळ पातळ नव्हती, मामी. त्या दिवशी मामा पुठ्ठे आणायला गेले होते आणि मला सांगून गेले होते की हजेरीच्या वह्या उद्या सकाळपर्यंत शिकंज्यातून काढायच्या नाहीत, मग दुसऱ्या घालायच्या, आणि मी तिथेच थांबायचं. मैदानावर आगीच्या कड्यातून उडी मारणारा मोटारसायकलवाला आला होता. मी दोन तासांत वह्या काढल्या, दुसऱ्या कोंबल्या आणि धूम ठोकली. त्या दिवशी त्याची मोटारसायकल सुरूच झाली नाही. आम्ही सगळे उन्हात उभे राहून ती ढकललेली बघत होतो. चौथ्या दिवशी शाळेतून वह्या परत आल्या, टेबलावर ठेवल्या की होडीसारख्या डोलत होत्या. मामांनी एकीला बोट लावून हलवलं आणि तुम्हाला म्हणाले, "खळ पातळ झाली तुझी." मी तिथेच स्टुलावर होतो. तुम्ही खळीच्या पातेल्यात बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "असेल."

दुसऱ्या दिवशी मामांनी तयार गोंदाचा डबा आणला. तुम्ही पातेलं घासून उपडं घातलंत. मी आठ दिवस ते उपडं पातेलं बघितलं आणि नवव्या दिवशी गेलो. लोकांना सांगतो की मला एका जागी बसवत नाही म्हणून घर सोडलं. बसवलं असतं, मामी. त्या स्टुलावरून पातेलं समोरच दिसायचं.

त्या दिवशी वजनाखालून लवकर काढलं, या वेळी लवकर घातलं. घाई तीच. चोविसावी माफी तुमची होती. पोरीची मोजदाद बरोबर आहे.

आता हे मामांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवलंत आणि रविवारी दार लागलेलं असलं तर मी पायरीवर पुस्तक ठेवून जाईन, त्याच्यावर काही ठेवू नका म्हणजे झालं. पण दार उघडं असलं तर एक मागणं आहे. आठवं पान सुटल्यावर ते परत पुठ्ठ्याला लावावं लागेल, आणि त्या डब्यातल्या गोंदाने मी लावणार नाही. पातेलं तेवढं सुलटं करून ठेवाल का?

ता. क. चौथा. हे पत्र काल लिहून झालं. शाई वाळल्यावर आज घडी घातली.